रताळ्याचा गर्भ आणि बांधावरचा वेल

1984 साली ‘प्लांट सेल रिपोर्ट्स’ या शास्त्रीय नियतकालिकात एक आटोपशीर निबंध छापून आला. लेखक दोघे, लिऊ आणि डॅनियल कँटलिफ. ठिकाण फ्लोरिडा विद्यापीठ, गेन्सव्हिल. रताळ्याच्या वेलाचे बारीक तुकडे बाटलीत वाढवले, त्यांतून गर्भ तयार झाले आणि त्या गर्भांतून पुन्हा वेल उभे राहिले, असा एकूण मजकूर. गर्भ हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा. भिजवलेलं बी सोललं की आत जे इवलंसं दडलेलं सापडतं, एका टोकाला मूळ, दुसऱ्या टोकाला कोंब आणि त्याला बिलगलेली दोन दलं, तेच हे. मात्र इथे फूल उमललं नव्हतं, पराग पडला नव्हता, फळ धरलं नव्हतं. वेलाच्या अंगच्या साध्या पेशींनीच गर्भ होऊन दाखवलं होतं.

पुढची पंधरा वर्षं कँटलिफ आणि त्यांचे विद्यार्थी या एका गोष्टीच्या मागे लागले. रताळ्यासारख्या गरिबाघरच्या कंदासाठी अमेरिकेतल्या विद्यापीठानं इतका जीव का टाकावा? एक कारण त्या काळात होतं. तेलटंचाईचे चटके ताजे होते आणि पिकं कुजवून मिथेन वायू काढता येईल का, याचा मोठा अभ्यास फ्लोरिडात चालला होता. भरभरून स्टार्च देणारं रताळं त्या यादीत होतं. दुसरं कारण रताळ्याच्या स्वभावातच आहे आणि ते जास्त रंजक आहे.

रताळ्याला बी येत नाही, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. बी येतं. हिवाळ्याच्या तोंडाला दिवस लहान झाले की काही वाणांना फिकट जांभळी, नरसाळ्यासारखी फुलंही लागतात. फूल पाहिलं की कुळाची ओळख पटते : कुंपणावरची गणेशवेल, कोकणच्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल आणि ओढ्याकाठी माजलेलं बेशरम ही सगळी रताळ्याची सख्खी भावकी. पण रताळ्याचं फूल स्वतःचा पराग स्वीकारत नाही, त्याला परका वाण लागतो. शिवाय या वनस्पतीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी सहा संच असतात, एकूण 90 गुणसूत्रं. ती पिसली गेली की एका बोंडातल्या बियाही एकमेकींसारख्या निघत नाहीत. एक गोड निघेल, एक पिठूळ, तिसरीला नुसत्या मुळ्याच. बियांचं कवचही इतकं टणक की नवे वाण काढणारे शास्त्रज्ञ ते तीव्र सल्फ्युरिक आम्लात बुडवून मऊ करतात. त्यांना या गोंधळातून निवड करायची असते, म्हणून बी त्यांच्या कामाचं. शेतकऱ्याला गेल्या वर्षीचंच रताळं यंदा हवं असतं. तो बियांकडे बघतही नाही, वेल तोडून लावतो.

वेल लावणं म्हणजे हातानं केलेलं काम. बी असतं तर पेरणीयंत्रात भरून एका दिवसात रान मोकळं झालं असतं. गेन्सव्हिलच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे हेच होतं : मूळ वेलाचे गुण तंतोतंत उतरलेलं, पण बियासारखं पेरता येणारं काहीतरी.

ही कल्पना त्यांच्याही बरीच आधीची. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी 1902 साली म्हणून ठेवलं होतं की वनस्पतीच्या कुठल्याही अंगातल्या पेशीपासून कृत्रिम गर्भ वाढवता आला पाहिजे. त्यांनी स्वतः पानांच्या पेशी द्रावणात जगवून पाहिल्या. त्या फुगल्या, बरेच दिवस जगल्या, पण विभागल्या नाहीत. हाबरलांट गेले 1945 साली. त्यांचं म्हणणं खरं ठरायला 1958 उजाडलं. त्या सुमाराला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्टूअर्ड आणि जर्मनीत याकोब राइनर्ट यांनी, दोघांनी वेगवेगळं, गाजराच्या पेशींपासून गर्भ मिळवले. स्टूअर्ड यांच्या फिरत्या चंबूंमध्ये गाजराच्या पेशींना मिळत होतं नारळाचं पाणी. त्यात विशेष असं की नारळाचं पाणी हे मुळात वाढत्या गर्भाचंच अन्न, झाडानं आपल्या बाळासाठी साठवलेलं. गाजराच्या पेशी ते प्यायल्या आणि बाळासारख्या वागू लागल्या.

या कथेत दिल्लीही येते. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी धोतऱ्याचे परागकोश बाटलीत वाढवत होते. परागाच्या पेशी कशा विभागतात हे बघायचं, एवढाच बेत. काही आठवड्यांनी परागकोश फुटले आणि त्यांतून चक्क गर्भ डोकावले. ते आले होते परागकणांपासून, म्हणजे त्यांत गुणसूत्रं निम्मीच. 1964 साली ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या बियाणेशास्त्राला नवं हत्यार मिळालं. माझ्या मते विसाव्या शतकातल्या भारतीय जीवशास्त्रातल्या मोजक्या अस्सल शोधांपैकी हा एक. शाळेच्या पुस्तकात त्याला किती ओळी मिळतात ते पाहिलं की हसू येतं.

आता रताळ्याची बाटली जवळून बघू. वेलाच्या शेंड्यातली, एक मिलिमीटरही न भरणारी वाढती कळी सुईच्या टोकानं काढायची आणि अगारच्या जेलीवर ठेवायची. अगारमध्ये मीठं, साखर, जीवनसत्त्वं. ही पाककृती बहुतेक वेळा मुराशिगे आणि स्कूग यांची, 1962 सालची, मुळात तंबाखूसाठी बेतलेली. तिच्यात थोडंसं टू-फोर-डी घालायचं. हो, तेच, उसात नि गव्हात रुंद पानांचं तण मारायला आपल्याकडे पंपानं फवारतात ते. रताळं स्वतः रुंद पानाचं, शेतात हे औषध अंगावर पडलं तर वेल पिळवटतो. बाटलीत मात्र प्रमाण असतं लिटरला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. टू-फोर-डी ही वनस्पतीच्या ऑक्झिन या संप्रेरकाची नक्कल. जास्त झालं की झाड वेडंवाकडं वाढून मरतं. चिमूटभर असलं की पेशी आपलं ठरलेलं काम विसरते. शेंड्याची पेशी शेंडा राहत नाही, पानाची पेशी पान राहत नाही.

काही आठवड्यांत तिथे पेशींचा गोळा साचतो, त्याला कॅलस म्हणतात. सगळा कॅलस उपयोगाचा नसतो. मऊ, भुसभुशीत भाग नुसता वाढत राहतो, त्यातून काही निघत नाही. गर्भ देणारा भाग वेगळा दिसतो : घट्ट, पिवळसर, दाणेदार. तो ओळखून उचलायचा नि पुन्हा पुन्हा नव्या अगारवर ठेवायचा, हे सगळं नजरेचं काम. मग खरी खुबी. कॅलस टू-फोर-डी नसलेल्या अगारवर हलवायचा. ज्या औषधानं पेशींना गर्भाची वाट दाखवली तेच काढून घेतल्याशिवाय गर्भ पुढे सरकत नाही. काढलं की दाण्यांचे गोल गर्भ होतात, गोलाला वरून खाच पडून हृदयाचा आकार येतो, मग तो लांबट होतो, मग दलं. बियात हाच क्रम घडतो, याच ओळीनं.

आता अडचणी. पहिली अशी की सगळे गर्भ एका वेळी एका वयाचे नसतात. एकाच बाटलीत गोल, हृदयाकार आणि कोंब फुटलेले शेजारी शेजारी. दुसरी जास्त चिवट. रताळ्याचे कितीतरी गर्भ मूळ सोडतात आणि तिथेच थांबतात, कोंब येतच नाही. वरून गर्भ अगदी धडधाकट दिसतो. छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की कळतं, दोन दलांच्या बेचक्यात कोंबाच्या पेशींची जी नीट मांडणी हवी तीच झालेली नाही. गेन्सव्हिलच्या गटानं यावर संगणकाला कामाला लावलं. कॅमेऱ्यानं गर्भांची छायाचित्रं घ्यायची, आकार मोजायचा आणि कोंब येईल असा गर्भ कोणता, हे बाह्यरूपावरून ओळखता येतं का ते ताडायचं. 1998 साली त्यांनी ही तुलना प्रसिद्ध केली. आज यंत्रं टोमॅटो निवडतात याचं कौतुक वाटतं. तिथे नव्वदच्या दशकात गर्भ निवडायची खटपट चालू होती.

समजा, चांगले गर्भ हाती आले. ते पेरायचे कसे? खऱ्या बियात गर्भाला कवच असतं आणि शिदोरी असते. बाटलीतला गर्भ उघडा आणि उपाशी. कृत्रिम बियांची कल्पना तोशिओ मुराशिगे यांनी 1977 साली मांडली होती. 1980च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या प्लांट जेनेटिक्स कंपनीत कीथ रेडनबॉ आणि सहकाऱ्यांनी लसूणघास आणि सेलरीचे गर्भ अल्जिनेटच्या थेंबात बंद केले. अल्जिनेट समुद्रशेवाळापासून मिळतं. गर्भ सोडियम अल्जिनेटच्या घट्ट द्रावणात मिसळायचे, एकेक थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडायचा. अर्ध्या तासात भिजवलेल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक मणी तयार, पोटात एक गर्भ.

मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्याच वर्षांत असे मणी तयार होत होते. व्ही. ए. बापट आणि पी. एस. राव यांच्या गटानं तुती आणि चंदनावर काम केलं; चंदनाच्या कृत्रिम बियांतून रोपं मिळाल्याचं त्यांनी 1988 साली प्रसिद्ध केलं. चंदन हे परजीवी झाड, बिया रुजायला नाठाळ, चोरीचं भय कायमचं. तिथे बाटलीतल्या गर्भाला काही अर्थ होता. पुढे याच केंद्रात केळीचे शेंडेही मण्यांत बंद करून झाले.

रताळ्याच्या बाबतीत गेन्सव्हिलनं मण्यांखेरीज आणखी एक वाट धरली. गर्भ पातळसर जेलमध्ये तरंगते ठेवायचे आणि नळीतून सरीत सोडायचे. कल्पना सुटसुटीत. पण गर्भाला शिदोरी हवी, म्हणजे जेलमध्ये साखर घालणं आलं, आणि साखर घेऊन मातीत उतरलं की पहिले जेवायला बसतात ते बुरशी नि जिवाणू. साखर घातली नाही तर गर्भ उपाशी. पेच अजूनही तसाच आहे, कारण तो निर्जंतुक बाटली आणि जिवंत माती यांच्यातला आहे. बियाला आणखी एक गुण असतो ज्याची आपण फारशी दखल घेत नाही : त्याला झोपता येतं. सुकून, महिनोन्‌महिने पोत्यात पडून, पाऊस लागला की उठायचं. बाटलीतला गर्भ जागाच जन्मतो. कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठात लसूणघासाच्या गर्भांना ॲब्सिसिक आम्ल देऊन सुकवून झोपवण्यात बरंच यश आलं. रताळ्याला ती झोप शेतापर्यंत टिकवून काही देता आली नाही.

इथवरचा अडथळा शास्त्राचा. याहून मोठा अडथळा हिशेबाचा आहे, आणि तो समजायला फ्लोरिडाला जायची गरज नाही, जळगाव पुरे. जैन इरिगेशननं 1990च्या दशकात ग्रँड नैन केळीची टिश्यू कल्चर रोपं आणली आणि खानदेशातल्या केळीचं चित्र पालटलं. आज कुठल्याही केळीवाल्याच्या तोंडी ‘जी-नाइन’ असतं. केळीत हे जमलं, रताळ्यात का नाही? पाच बाय पाच फुटांवर केळी लावली तर एकरी साधारण 1,740 रोपं बसतात. रताळं 60 बाय 20 सेंटिमीटरवर लावतात. एकरी साधारण 33,700 तुकडे. रोपाचा भाव पंधरा रुपये धरा. केळीला एकरी 26 हजार, तेही वर्षभराच्या पिकावर, जिथे एकसारखे घड एकदम येण्याला बाजारात दाम आहे. रताळ्याला पाच लाख, चार महिन्यांच्या पिकावर. पुढचा हिशेब करायची गरजच पडत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या केळीच्या एका लॅबमध्ये गेलं की हे पंधरा रुपये कुठे जातात ते दिसतं. लॅमिनार फ्लोच्या काचेआड ओळीनं बसलेल्या बायका, बहुतेक आजूबाजूच्या गावांतल्या, टोपी-मास्क-ॲप्रनमध्ये. उजव्या हातात ब्लेड, डाव्या हातात चिमटा. प्रत्येक बाटलीतला झुबका काढायचा, कापायचा, नव्या बाटल्यांत वाटून ठेवायचा, चिमटा तापवायचा, पुढची बाटली. स्पिरिटचा वास, एसीचा गारवा, पंख्याची एकसुरी घरघर. कुठे पांढरा तवंग दिसला की ‘बाटली गेली’ आणि ती उचलून बाजूला. शेजारच्या खोलीत मांडण्यांवर हजारो बाटल्या, 25 अंशांच्या आसपास तापमान, ठरावीक तास दिवे. वीज गेली की जनरेटर. शेवटी शेडनेटमध्ये हार्डनिंग, कारण बाटलीच्या दमट हवेत वाढलेल्या पानाला ऊन माहीत नसतं. हे सगळं हाताचं काम आणि विजेचं बिल. गर्भाच्या तंत्राची खरी लालूच इथेच होती : गर्भ द्रवात हजारोंनी तयार होतात, एकेक झुबका कापत बसावं लागत नाही. पण शंभरातले कोंब न येणारे बाजूला काढायला पुन्हा माणूस किंवा यंत्र लागणार असेल तर वाचलेला पैसा तिथेच गेला.

आणि या सगळ्याचा प्रतिस्पर्धी कोण? बेळगाव-खानापूरच्या तांबड्या मातीत शेतकरी विहिरीजवळच्या तुकड्यात उन्हाळाभर राखतो तो वेल. पाऊस लागला की शेंड्याकडचा वीतभर तुकडा तोडायचा, मधले दोन-तीन डोळे वरंब्यात दाबायचे. मुळं सांध्यासांध्याला तयारच असतात. आषाढीच्या आठवड्यात पुण्याच्या मार्केट यार्डात बेळगाव आणि कराडकडच्या रताळ्यांचे ढीग लागतात ते या फुकटच्या वेलांच्या जिवावर. नीट पाहिलं तर हा वेलही क्लोनच आहे, पेशीन्‌पेशी आईची. प्रयोगशाळा जे बाटलीत करू पाहत होती ते वेल बांधावर आपणहून करतो. या शर्यतीत वेल हरणार नव्हता, हे 1984 सालीही दिसायला हवं होतं असं मला वाटतं. मजूर महाग आणि शेतं अफाट असलेल्या देशात बसून विचार केला की ते दिसत नाही, हेही कबूल.

वेल हरतो तो दुसऱ्याच ठिकाणी. आईचं सगळंच उतरतं, त्यात आजारही उतरतात. मावा एक विषाणू आणतो, त्यानं पानावर फिकट नक्षी उमटते, फारसं बिघडत नाही. पांढरी माशी दुसरा आणते, तो वेलाची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच निकामी करतो. दोघे एकत्र आले की पहिला बेफाम वाढतो, वेल खुरटतो, पानं आकसतात आणि उत्पन्न निम्म्याच्याही खाली येतं. युगांडा, केनिया, टांझानियात रताळं हे रोजचं जेवण. तिथे ही जोडगोळी घरंच्या घरं उपाशी ठेवते. विषाणूवर फवारणी नाही. इथे मात्र टिश्यू कल्चरशिवाय गत्यंतर नाही, फक्त तंत्र जुनं आणि साधं. 1952 साली फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्तँ यांनी रोगट डेलियाच्या शेंड्याची अगदी टोकाची कळी काढून निरोगी झाड मिळवलं. वाढत्या टोकाच्या अर्ध्या मिलिमीटरपर्यंत विषाणू सहसा पोचलेला नसतो. रताळ्यालाही हेच करतात. रोप खरोखर स्वच्छ झालं का, हे तपासायला त्याची फांदी इपोमिया सेटोसा या ब्राझीलकडच्या भाऊबंद वेलावर कलम करायची. विषाणू असला तर काही आठवड्यांत त्या वेलाच्या पानांच्या शिरा फिकट पडून चुगली करतात.

चीनच्या शांतुंग प्रांतानं नव्वदच्या दशकात हे मोठ्या प्रमाणावर केलं. स्वच्छ वेल बाटलीत, तिथून जाळीच्या घरात, तिथून गावच्या रोपवाटिकेत, तिथून शेतात. उत्पन्न सुमारे तीस टक्क्यांनी वाढलं आणि काही वर्षांत प्रांतातल्या बहुतेक क्षेत्रावर हेच बेणं पोचलं. शेतकऱ्याच्या हाती शेवटी वेलच पडतो, बाटली फक्त मुळाशी.

मग पाऊस लागेपर्यंत वेल जगवायचा कसा, हा कोरड्या मुलखातला प्रश्न उरतो. कृत्रिम बियानं तो सुटला असता. पेरूची राजधानी लिमा इथल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रानं आफ्रिकेत त्याचं जे उत्तर रुजवलं ते ऐकून प्रयोगशाळेतल्या माणसाला थोडं ओशाळल्यासारखं व्हावं. काढणीच्या वेळी छोटी, न किडलेली रताळी निवडायची, घमेल्यात किंवा पेटीत कोरड्या वाळूच्या थरांत पुरून घरात ठेवायची. पाऊस यायच्या सहा ते आठ आठवडे आधी कुंपणाच्या वाफ्यात लावून पाणी घालायचं. हवे तेवढे वेल. याच केंद्राच्या मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो यांना 2016 सालच्या जागतिक अन्न पुरस्काराचा वाटा मिळाला, तो नारिंगी गराची, ‘अ’ जीवनसत्त्वानं भरलेली रताळी आफ्रिकेच्या ताटात नेल्याबद्दल. नारिंगी वाण आपल्याकडेही आहे. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेचं ‘भू सोना’. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण अश्विनी’ हा रताळ्याचा वाणही कितीजणांना माहीत असेल! वाण आहेत; ते स्वच्छ वेलाच्या रूपात गावागावांत पोचवणारी साखळी मात्र केळीसारखी उभी राहिलेली नाही, आणि एकरी 33 हजार तुकड्यांच्या पिकात ती नफ्यासाठी कुणी उभी करेल असंही दिसत नाही.

गर्भाच्या तंत्राचं पुढे काय झालं? ते वाया गेलं नाही, रताळ्याबाहेर पडलं. उत्तर अमेरिकेत स्प्रूस आणि पाइनची रोपं, मध्य अमेरिकेत कॉफीच्या संकरित वाणांची रोपं असल्या गर्भांतून तयार होतात. तेलताडात याच वाटेनं मोठा फटकाही बसला : बाटलीतून आलेली काही झाडं मोठी झाल्यावर त्यांची फळं विद्रूप आणि तेलाला निरुपयोगी निघाली. त्याचं कारण 2015 साली सापडलं. गुणसूत्रातल्या ‘कर्मा’ नावाच्या एका तुकड्यावरची रासायनिक खूण बाटलीत पुसली जात होती. नाव शास्त्रज्ञांनीच ठेवलेलं, माझी कोटी नव्हे. रताळ्यात हा कॅलस आता मुख्यतः जनुकं घालण्यासाठी वापरतात, चीन, जपान, कोरियात. गंमत अशी की 2015 सालीच घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, लागवडीखालच्या रताळ्यात ॲग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूनं हजारो वर्षांपूर्वी स्वतःची जनुकं कधीच घालून ठेवली आहेत, आणि त्यांत ऑक्झिन बनवणारी जनुकंही आहेत.

स्प्रूसला जमलं आणि रताळ्याला नाही, यामागे एक साधा फरक आहे. स्प्रूसचं झाड चांगलं की वाईट हे कळायला पंधरा-वीस वर्षं लागतात. तोवर त्याचा गर्भ देणारा कॅलस द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर, तरुणच ठेवता येतो. झाड उत्तम ठरलं की तो वितळवून लाखो रोपं करायची. त्यासाठी गर्भाचा खर्च कुणीही आनंदानं सोसेल. रताळ्याचा निकाल चार महिन्यांत लागतो. वरंबा उकरला, खाली चांगलं पोसलेलं दिसलं, की त्याच वेलाचा शेंडा तोडून शेजारच्या सरीत लावता येतो.